फौजी तपासवाले घरमालक

पहिल्याच दिवशी त्यायनी माझा जबाब घेतला. टेम्पोतून सामान उतरून राहिलं व्हतं, आरू माझ्या कडंवर झोपलेली, अकरा महिन्यांची, डोक्यावर ऊन, आन् हे घरमालक दारात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर दोनशे पानी वही. मला वाटलं किरायाचं काही बोलायचं असंल. तर म्हणले, "नाव सांग. पुरं सांग. आन् शेवटचं कधी रडलीस ते सांग."

"आँ?"

"डोळे सुजलेत तुझे. काहून?"

मला लई भ्या वाटलं. म्या खरं ते सांगितलं, की गाव सोडताना रडले, शिरड शहापूरच्या फाट्यावर, आई दिसंनाशी झाली तवा. त्यायनी ते लिहून घेतलं. म्हंजे बराबर तसंच लिहिलं, 'फाट्यावर रडली', आन् बाजूला घड्याळ पाहून टाइम टाकला. मंग वही मिटली. "ठीक. खोली तुझी. भिंतीला खिळा मारायचा न्हाई. बाकी काय करायचं ते कर."

मी सातवीतून शाळा सोडली. पोलिसाची जीप रोडनं गेली तरी मी दाराआड होते, काही केलं नसलं तरी. आन् वसमतला आले तर घरमालकच असा. नवरा टेम्पोवर, हळदीचे कट्टे, पोती भरून घेऊन गेला की चार चार दिवस तोंड दिसत न्हाई. मी आन् आरू, एक खोली, आन् अंगणात हात मागं बांधून फिरणारा हा माणूस.

हात मागं बांधायचा नेम त्यायचा एकट्याचा नव्हता, सगळ्यांना करायला लावायचे. कुणाच्या घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं, की ते आधी दारात उभे राहायचे आन् ओरडायचे, "हात मागं! कुणी कशाला हात लावायचा न्हाई!" शेजारच्या खोलीतली चाची शिलाई मशीन चालवायची, तिची कैची हरवली तर तिलाबी हात मागं करून उभं केलं व्हतं. चाची मला म्हणायची, "बुढ्ढे का भेजा टीवी खा गया, बेटी. कैची तो मेरेच नीचे थी, मैं बैठी थी उसपे. फिर भी लिखा बोले, केस नंबर बीस!"

टीवीचं खरंच व्हतं. रोज चार वाजता ती मालिका लागायची, हिंदीत. मिलिट्रीतले तपासवाले. छावणीत कुणी जवान मेला, की त्यायची टोळी यायची, एक मेजर मॅडम, एक नकाशे काढणारा, एक मढं चिरणारा डाक्टर, आन् एक कुत्रावाला. मेजर मॅडम कधी खाली बसायची न्हाई. खोलीत शिरायच्या आधी ती उंबऱ्यावर उभी राहायची, लई वेळ, आन् नुसती पाहायची. बाकीचे घाई करायचे, ती करायची न्हाई. आमचे घरमालक तिचं तोंड दिसलं की खुर्चीतून उठून उभे राहायचे. टीवीतल्या बाईपुढं. आन् मी वा चाची उंबऱ्यात बसलेलो असलो तर आमालाबी, "उठा, ऑफिसर आली!"

जाहिराती लागल्या की सांगायचे, मी मिलिट्रीत असताना असा तपास केला, तसा केला, तिकडं बरफात कर्नलच्या बंगल्यावर चोर धरला. सगळी गल्ली त्यायला साहेब म्हणायची. पॅन्ट खाकी, पट्टा चकचकीत, मिशा कात्रीनं बराबर केलेल्या. कुणी अंदाजानं बोललं की त्यायला खपायचं न्हाई. "असंल, नसंल, वाटतं, हे मला नको. पाहिलं तेवढं सांग." दुधाच्या पिशव्या धुवून वाळवायचे आन् त्यात पुरावे ठेवायचे. कुणाचं बटन, कुणाची बिडी, कोंबडीचं पीस. पिशवीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी.

आता सांगून राहिले तर हसू येतं. तवा येत नव्हतं. मला तर रोज वाटायचं की आज हे मला धरतील.

कारण म्या खिळा मारला व्हता.

आरूला झोळीबिगर झोप यायची न्हाई. गावात आढ्याला बांधायचो. हितं वरती पत्रे आन् लोखंडी पाइप, हात पुगायचा न्हाई. एका सकाळी ते बाजारात गेलेले, चाचीची मशीन खडखड चालू, तेवढ्यात म्या वरवंट्यानं भिंतीत मोठी खुंटी ठोकली, कंबरभर उंचीवर, झोळीची एक बाजू तरी बांधावी म्हणून. तिसऱ्या दणक्याला खुंटी गपकन आत गेली आन् पलीकडं पडली. भिंतीला दोन बोटं जातील एवढं भोक. पलीकडं अंधार, आन् हळदीचा वास. ती भिंत गोदामाची व्हती. एका व्यापाऱ्याचं हळदीचं गोदाम आमच्या खोलीला पाठ लावून व्हतं, ते मला ठाऊक व्हतं, पण भिंत एवढी हलकी असंल असं नव्हतं वाटलं.

म्या भोकात पेपर कोंबला आन् वरून भाताच्या शितानं कॅलेंडर चिटकवलं. आरूची गादी त्याच भिंतीला लागून. ते दारावरून गेले की मला वाटायचं आता म्हणतील, कॅलेंडर हितं काहून? पण म्हणले न्हाईत. दोन महिने गेले.

मंग उन्हाळ्यात एक दिवस नालीजवळ दोन घुशी मरून पडल्या. घरमालकानं दोन्ही घुशींभोवती रांगोळीनं रेघ काढली, टीवीत मढ्याभोवती काढतात तशी. सगळी गल्ली पोट धरून हसली. ते हसले न्हाईत. दारोदार फिरून इचारलं, उंदराचं औषध कुणी ठेवलं? कुणीच नव्हतं ठेवलं. मलाबी इचारलं. "न्हाई साहेब." त्यायनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मी खाली पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझं डोकं फुटून राहिलं व्हतं, आन् आरूनं उलटी केली. एक, मंग दुसरी. मला वाटलं ऊन लागलं असंल, खिडकीला पोतं लावून, दार लावून झोपलो व्हतो, वारा न्हाई. तिला उचलून गल्लीतल्या डाक्टरकडं पळाले. तिथं ही गर्दी. दोन तास बाहेर लिंबाखाली बसले. आन् आरू तिथं चांगली झाली! माझ्या बांगड्या ओढल्या, एका म्हातारीकडं पाहून हसली. डाक्टर म्हणले, शिळं काही पोटात गेलं असंल, औषध देतो, झोपू द्या. म्या तिला घरी आणलं, दार लावलं ऊन येऊ नये म्हणून, आन् तिच्या जागेवर झोपवलं. कॅलेंडरखाली.

तासाभरात ती ढिली पडली.

उलटीबी नीट होईना. श्वास असा, पोट आत आत ओढून. ओठ पांढरे. हाक मारली तर डोळे वर जायचे. मी ओरडले, किती जोरानं ते ठाऊक न्हाई, चाची पळत आली, तिच्या मागं सगळी गल्ली. कुणी म्हणलं दृष्ट लागली. एक बाई पदर तोंडाला लावून म्हणली, "काल सांच्याला चाचीनं शेवया दिल्या व्हत्या ना गं हिला?" आन् सगळ्यायनी चाचीकडं पाहिलं. चाचीचा चेहराच उतरला. "अल्ला, मैं भी वईच खाई! मेरे कू कुछ हुआ क्या?" मलाबी त्या घडीला वाटलं, शेवयाच असतील. खोटं काहून सांगू, वाटलं.

आन् मंग तो आवाज. "हात मागं!"

माझा एवढा संताप झाला, काय सांगू. ते उंबऱ्यात उभे राहिले, आत आले न्हाईत. नाक वर केलं, डोळे मिटले. मंग एकदम म्हणले, "लेकरू बाहेर. सगळे बाहेर. आत्ता." आन् माझा दंड धरून मला ओढलंच. चाचीला म्हणले, "तुझ्या भावाला फोन लाव, ऑटो घेऊन ये म्हणावं, सरकारी दवाखान्यात जायचं." तिनं लावला. दहा मिन्टं लागतील म्हणला.

मला आरूची बाटली पाहिजे व्हती, आधार कार्ड पाहिजे व्हतं, मी आत जाऊन राहिले तर ते दारात आडवे. दोन्ही हात चौकटीला. "आत कुणी जायचं न्हाई."

"साहेब, सरका!"

"दवाखान्यात गेलीस तवा कशी व्हती?"

"लेकरू मरून राहिलं माझं, आन् तुमी जबाब घेता?"

"ऑटो येईस्तोवर दुसरं काय करणार? सांग. कशी व्हती?"

"बरी व्हती! हसली!"

"कुठं बसली व्हती?"

"लिंबाखाली."

"घरी आल्यावर?"

"झोपवलं."

"मंग?"

"मंग हे असं."

ते गल्लीकडं वळले. "शेवया पोटात व्हत्या ना? पोट तर दवाखान्यातबी संगंच गेलं व्हतं. तिथं बरी काहून झाली?" चाची रडून राहिली व्हती, तिनं डोळे पुसले. "बाहेर बरं, आत वाईट. जे काय हाय ते या खोलीत हाय." मंग मला, एकदम हळू, "खोलीत काय बदललं?"

"काही न्हाई."

"लसणाचा वास येतो आतून. आज लसूण फोडणीला टाकला?"

"न्हाई. चाचीकडून येत असंल."

चाची म्हणली, "मेरे घर का सिलिंडर कल रात से खतम है. चूल्हाच नै जला."

"काय बदललं?" पुन्हा.

"काही न्हाई, साहेब."

आरू माझ्या खांद्यावर अशी पडलेली, ओल्या कपड्यासारखी, हवेत आणली तर श्वास जरा मोठा झाला व्हता पण मान धरत नव्हती. आन् मी खोटं बोलून राहिले. आता वाटतं, कोणती आई असं करते? पण माझ्या डोक्यात एकच, खिळा मारला हे कळलं की हे मला आजच घराबाहेर काढतील, नवरा बोंबलंल, सासू म्हणंल सांगितलं व्हतं ना. खिळ्याचा आन् आरूच्या श्वासाचा काही संबंध असंल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

ते दारातून सरकले न्हाईत. पण त्यायचा चेहरा बदलला. आवाज पडला. म्हणले, "पोरी, मी मिलिट्रीत तपासाला नव्हतो."

सगळी गल्ली जवळ सरकली.

"लंगरात व्हतो. कुक. बावीस वर्षं. दोनशे माणसांचा लसूण सोलला रोज. कर्नल मी जेवण वाढताना पाहिला, तेवढाच." कुणीतरी मागून फिसकन हसलं. त्यायनी तिकडं पाहिलंबी न्हाई, माझ्याकडंच पाहत व्हते. "म्हणून सांगतो, आतला वास लसणासारखा हाय, लसणाचा न्हाई. कच्चा असा येत न्हाई, जळका असा येत न्हाई, सडका असा येत न्हाई. हे मला टीवीनं न्हाई शिकवलं. आता तिथं दवाखान्यात डाक्टर इचारंल काय झालं, तू म्हणशील शेवया. मंग ते पोट पाहत बसतील आन् छाती तशीच राहील. म्या माझं खरं सांगितलं, सगळ्यांपुढं. आता तू सांग."

"बाबा," माझ्या तोंडून साहेब न्हाई, बाबा निघालं. "बाबा, म्या खिळा मारला. कॅलेंडरामागं. भोक पडलं, पार गोदामात."

त्यायनी गळ्यातला पंचा रांजणात बुचकळला, नाकातोंडाला बांधला, आत गेले. म्या मोजलं न्हाई पण श्वास दोन घेतले असतील म्या. बाहेर आले ते खोकत, हातात कॅलेंडर, डोळ्यांतून पाणी. "गोळ्या. भोकातून पाहिलं, पलीकडं पोत्यांवर ताडपत्री झाकली हाय, हळदीत कीड मारायच्या गोळ्या टाकल्या की तशी झाकतात. त्याचा गॅस. घुशी त्यानंच मेल्या. पेपर खाली गळून पडलाय, भोक उघडं हाय." मंग सगळ्यांना, "गोदामाला लागून ज्या ज्या खोल्या हायेत, दारं खिडक्या उघडा, आन् सगळे रोडवर चला."

ऑटो आला. ते पुढं ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे लटकलेले, मागं मी आन् चाची. चाची सारखी आरूच्या तळपायाला हात घासून राहिली, "आँखां खोल, मेरी मैना, आँखां खोल." मला तिच्याकडं पाहायची लाज वाटली.

दवाखान्यात बाई डाक्टर व्हत्या, तरण्या. त्यायनी इचारलं काय खाल्लं. मी तोंड उघडायच्या आधी हे म्हणले, "खाल्ल्यातून न्हाई, मॅडम. श्वासातून. हळदीच्या गोदामातल्या गोळ्यांचा गॅस, भिंतीच्या भोकातून. कालपासून. मोकळ्या हवेत नेली तवा सुधरली व्हती, खोलीत आणली तवा बिघडली. आईचं डोकं दुखतं, तिलाबी पाहा." एक शब्द जास्त न्हाई, एक कमी न्हाई. आन् मॅडम म्हणताना टाचा जुळवल्या. डाक्टरीणबाईनं मान वर करून त्यायच्याकडं पाहिलं, आन् मंग काही इचारलंच न्हाई, पळाल्या. लगेच आरूच्या तोंडाला ऑक्सिजन लावला, मलाबी दुसरीकडं बसवून लावला.

"जगंल का?" म्या नळीतूनच इचारलं.

डाक्टरीणबाई म्हणल्या, "आजचा दिवस जाऊ द्या."

तो दिवस कसा गेला मला सांगता येणार न्हाई. तिच्या छातीकडं पाहत बसले. वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. एक वेळा मध्ये थांबली असं वाटलं आन् मी किंचाळले, तर सिस्टर म्हणली, "अवं बाई, झोपली ती, श्वास हाय." घरमालक बाहेर बाकड्यावर. चार वाजले, साडेचार वाजले, मालिकेची वेळ गेली. ते उठले न्हाईत. चाची त्यायच्यासाठी चहा घेऊन गेली आन् येऊन मला म्हणली, "बुढ्ढा रो रा, बेटी. दीवार को मुँह करके."

दुसऱ्या दिवशी दुपारी आरू रडली. आधी घोगरं, मंग मोठ्यानं, सगळा वॉर्ड उठंल असं. नळी ओढून टाकून राहिली व्हती. डाक्टरीणबाई हसल्या. म्हणल्या, "आता दूध मागंल बघा."

नवरा सांजच्याला पोचला, थेट टेम्पो घेऊनच. आरूला पाहून खाली बसला, मंग उठला आन् गुन्हेगार कोण ते इचारत सुटला. मी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी घरमालकानं वही पुढं केली. "जबाब लिहून ठेवलाय. वाच."

नवऱ्यानं वाचला, मोठ्यानं वाचला, सगळ्यांपुढं. 'भिंत एका विटेची. भोक पहिल्यापासूनचं, जुनं. घरमालकाला माहीत व्हतं. बुजवलं न्हाई. किरायदाराचा दोष न्हाई.' खाली त्यायची सही. हुद्दा, कुक.

मी त्यायच्याकडं पाहिलं. त्यायनी माझ्याकडं पाहिलंच न्हाई. अख्ख्या आयुष्यात दुसऱ्याला 'पाहिलं तेवढं सांग' म्हणणारा माणूस, आन् लिहिलं ते खोटं. माझ्यासाठी. म्या खिळा मारल्याचं गल्लीनं ऐकलं व्हतं, पण त्यायनी कुणाला काय सांगितलं देव जाणे, एकीनंबी नवऱ्यापुढं तोंड उघडलं न्हाई. शेवयांचं बोललेल्या त्या बाईनंबी न्हाई. चाची तर म्हणली, "कौनसा खिला? मैं तो कोई खिला नै देखी."

नवरा त्यायच्या अंगावर गेला. कॉलर धरली. "लेकराच्या जिवावर किराया खाता?" म्हणला. ते गप उभे. हात मोकळे खाली. म्या "सोडा वं" म्हणलं, तेवढंच म्हणलं. तेवढंच निघालं माझ्या तोंडून.

गोदामवाल्याला नंतर नोटीस आली म्हणतात. घरमालकानं ती खोली पुन्हा कुणाला दिली न्हाई, दाराची चौकटच काढून टाकली असं चाचीनं फोनवर सांगितलं. आमी सामान घेऊन आलो ते हितं कनेरगाव नाक्याला, नवऱ्याच्या मित्राच्या धाब्यामागं. आरू आता चार वर्षांची हाय, धाब्याच्या कुत्र्यामागं पळती, धापबी लागत न्हाई. आन् एवढे दिवस नवरा त्या म्हाताऱ्याला शिव्या देऊन राहिला. टेम्पो वसमतवरून गेला की घरी येऊन शिव्या, हळदीचा वास आला की शिव्या. म्या ऐकायचे, भाकरी थापायचे. मनात म्हणायचे, उद्या सांगते. उद्या निघायचा न्हाई.

परवा त्यानं पुन्हा सुरू केलं, जेवताना, आरू संगं बसलेली. तिनं इचारलं, "तो म्हातारा वाईट व्हता का, आई?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. म्या तव्याखालचा जाळ कमी केला आन् सांगितलं. वरवंटा, खुंटी, पेपर, कॅलेंडर. दारात खोटं बोलले ते. वहीत त्यायनी लिहिलं ते कुणासाठी लिहिलं ते. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ताट फेकंल. त्यानं ताट खाली ठेवलं, हळू, आन् आरूकडं पाहिलं.

मंग म्हणला, "म्या त्यायची कॉलर धरली व्हती."

"व्हय."

"म्हातारा जित्ता हाय का?"

"हाय. चाची सांगत व्हती, गुडघे धरलेत, पण हाय."

तो उठला, हात धुतले, पंच्याला पुसत दारात उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून. "उद्या टेम्पो रिकामाच जाऊन राहिला वसमतला," म्हणला. "त्यायला पोरगी दाखवून आणू."